घरी केमिस्ट्री करायचीय? मग 'कारण' लिहायची तयारी ठेवा

परवा एका मित्राच्या मुलाने विचारलं, काका मला घरी सॉल्ट अ‍ॅनालिसिस करायचंय, कॉलेजात लॉकडाऊनपासून प्रॅक्टिकलची बोंबच आहे, तर अ‍ॅसिड कुठे मिळेल? (सॉल्ट अ‍ॅनालिसिस म्हणजे दिलेला क्षार कुठला ते ओळखायचा प्रयोग.) आणि मला माझी पाच-सहा वर्षांपूर्वीची फजिती आठवली. म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू, कारण हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच आणि मी प्रत्येक वेळी अर्धवट उत्तर देतो.

आधी फजिती. मी पुण्यात राहतो, बीएस्सी केमिस्ट्री केलं आणि पोटापाण्याला भलतंच काम करतो, हौस मात्र सुटलेली नाही. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, त्या पाण्याने गिझरची कॉइल दर वर्षी पांढरी होते, तर मी ठरवलं की पाण्याचा जडपणा म्हणजे हार्डनेस, त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, ते आपण स्वतः मोजायचं. कॉलेजात केलेलं टायट्रेशन, एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून मोजायचं, काय अवघड आहे त्यात. जुनी जर्नल काढली, यादी केली, त्यात एक ओळ होती हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. गेलो शहरातल्या एका केमिकलच्या दुकानात. मालकाने यादी बघितली, बाकी सगळं काउंटरवर ठेवलं आणि अ‍ॅसिडपाशी थांबून खालून एक लांबट रजिस्टर काढलं. नाव, पत्ता, आधार नंबर, किती, कशासाठी, सही. मी 'कशासाठी'च्या रकान्यात लिहिलं 'छंद'. मालकाने वही फिरवून वाचलं, परत माझ्याकडे फिरवली, म्हणाला, "साहेब, छंद चालत नाही हो. उद्या पोलीस आले तर मी काय सांगू, साहेबांना छंद आहे?" आणि बाटली परत रॅकवर. मी चिडून निघून आलो. आता मागे वळून बघतो तर त्याचं काही चुकलं नव्हतं, मीच गाढव होतो.

तर हे रजिस्टर आलं कुठून ते आधी कळलं पाहिजे, नाहीतर सगळा राग त्या दुकानदारावर निघतो.

आपल्याकडे विषारी पदार्थांचा कायदा आहे १९१९ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला, पॉयझन्स अ‍ॅक्ट. विक्रीवर नियम करायचे अधिकार त्यात राज्यांना दिलेत, महाराष्ट्राचे स्वतःचे विष नियम आहेत १९७२ चे. पण हे सगळं बरीच वर्षं कागदावरच होतं, लहानपणी आमच्याकडे संडास साफ करायचं अ‍ॅसिड सायकलवर कॅन बांधून दारोदार विकायला यायचं आणि आई दुधाच्या भांड्यासारखी बाटली पुढे करायची! ते बदललं अ‍ॅसिड हल्ल्यांमुळे. असा हल्ला झेललेल्या लक्ष्मी अगरवालने २००६ साली सुप्रीम कोर्टात याचिका टाकली आणि १८ जुलै २०१३ ला कोर्टाने आदेश दिला की रजिस्टर ठेवल्याशिवाय काउंटरवर अ‍ॅसिड विकायचं नाही, घेणाऱ्याने सरकारी फोटो ओळखपत्र दाखवायचं ज्यावर पत्ता आहे, कारण सांगायचं, १८ वर्षांखालच्याला अजिबात द्यायचं नाही, आणि दुकानदाराने आपला साठा प्रांताधिकाऱ्याला कळवायचा. साठा लपवला तर जप्ती आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे त्या माणसाला माझ्या ३००-४०० रुपयांच्या बिलासाठी ५०,००० ची रिस्क होती. तुम्ही असतात तर तुम्ही दिलं असतंत का?

आता घरगुती केमिस्टची खरी अडचण अशी आहे की हे नियम लिहिताना डोळ्यासमोर एकीकडे कारखाना, कॉलेज, हॉस्पिटल असल्या संस्था होत्या आणि दुसरीकडे हल्लेखोर. मधला माणूस, म्हणजे गॅलरीत टेबल टाकून रविवारी टायट्रेशन करणारा, हा कुणाच्या ध्यानातच नव्हता. त्याच्यावर बंदी नाहीये. पण त्याच्यासाठी रकानाही नाहीये. म्हणून पुढचं सगळं जे लिहिलंय ते एवढ्यासाठीच की आपण त्या रजिस्टरमध्ये नीट कसं बसायचं आणि शक्यतो रजिस्टरची वेळच कशी येऊ द्यायची नाही.

यादी करायच्या आधी यादी कापा

हे मला त्या फजितीनंतर कळलं. घरी आल्यावर मी शांतपणे जर्नल वाचली की बाबा हे अ‍ॅसिड लागतंय कशाला? तर स्टँडर्ड द्रावण करायला. कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते अ‍ॅसिडमध्ये विरघळवून त्याचं माहितीतलं कॅल्शियमचं द्रावण करायचं आणि त्याने ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून बसणारं आणि टायट्रेशनमध्ये थेंबाथेंबाने सोडायचं रसायन, तपासून घ्यायचं. बस एवढंच. मग डोक्यात आलं की कॅल्शियमच कशाला पाहिजे, मॅग्नेशियम चालेल की. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, पाण्यात मस्त विरघळतं, कुणी आधार कार्ड मागत नाही. १ लिटर पाण्यात २.४६ ग्रॅम टाकलं की ०.०१ मोलरचं द्रावण तयार, आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा जो इंडिकेटर आहे तो मॅग्नेशियमबरोबर उलट जास्त छान रंग बदलतो. म्हणजे ज्या बाटलीवरून मी भांडून आलो होतो ती मला लागतच नव्हती! शिकवणाऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली जर्नल आपण तशीच्या तशी उचलतो ना, त्याचा हा परिणाम.

ते टायट्रेशन ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ईडीटीएचं डायसोडियम मीठ ३.७२ ग्रॅम घेऊन १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात, डिस्टिल्ड पाणी बॅटरीवाल्याकडे किंवा पेट्रोल पंपावर मिळतं. आधी ते वरच्या मॅग्नेशियमच्या द्रावणाने तपासून घ्या, १० मिलीला १० मिली लागलं की ठीक. मग टँकरचं पाणी ५० मिली, त्यात नवसागर आणि लिकर अमोनियाचं बफर (पाण्याची आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) एक-दोन मिली, चिमूटभर इंडिकेटर, पाणी वाइनसारखं लाल होतं. ईडीटीए थेंबाथेंबाने सोडायचं, लालचं जांभळं आणि जांभळ्याचं निळं झालं की थांबायचं. जेवढे मिली लागले त्याला २० ने गुणा, ते झाले लिटरमागे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० पर्यंत चांगलं धरलंय आणि दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. आमच्या टँकरला मला २८ मिली लागले, म्हणजे ५६०. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा आकडा सांगितला तर चेअरमन म्हणाले तुम्ही लॅब आहात का. असो. अमोनिया खिडकी उघडून वापरा, त्याचा वास डोक्यात जातो, आणि ज्या बाथरूममध्ये ब्लीच ठेवलंय तिकडे ती बाटली फिरकू पण देऊ नका.

तर मुद्दा हा की प्रत्येक वस्तूपुढे लिहा, ही कशाला लागते, आणि तेच काम दुसरं कोण करेल. निम्मी यादी इथेच गळते. साधं आम्ल हवं असेल तर लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक, किंवा बाजारातलं व्हिनेगर जे साधारण ४ टक्के अ‍ॅसेटिक असतं, एवढ्यात बहुतेक शाळकरी प्रयोग होतात. सोडा आणि आम्ल, इंडिकेटर, कार्बन डायऑक्साइड, सगळं. इंडिकेटरला हळद, जास्वंद, कोकम, आणि सगळ्यात भारी म्हणजे गोकर्णाची निळी फुलं, आम्लात जांभळी-गुलाबी आणि सोड्यात हिरवी.

बाजार कुठे आणि काय

आपल्या लोकांचा एक गैरसमज असतो की केमिकल म्हणजे केमिकलच्याच दुकानात. अहो अर्ध्याहून जास्त गोष्टी भलत्याच दुकानात आहेत आणि तिकडे कुणी भुवया पण वर करत नाही, कारण तिथल्या गिऱ्हाइकाचं कारण सगळ्यांना माहितीये.

कृषी सेवा केंद्रात जा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, झिंक सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट सगळं मिळतं. नाशिक-सांगलीकडे द्राक्षवाला मोरचूद आणि चुना मिसळून बोर्डो मिश्रण मारतो, त्यामुळे मोरचूद मागितलं की दुकानदार फार तर विचारेल, किती एकर? तुरटी, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, सैंधव किराण्यात, चुना पानवाल्याकडे. नवसागर कल्हईवाल्यांच्या सामानात, जुन्या पेठेतल्या दुकानात मिळतो अजून. बोरिक पावडर तर कॅरमच्या नावाने स्पोर्ट्सच्या दुकानात. टाकणखार म्हणजे बोरॅक्स काष्टौषधीवाल्याकडे. मेडिकलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडचं पातळ द्रावण, पोव्हिडोन आयोडीन, ग्लिसरीन. फेरिक क्लोराइड हवं असेल तर इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे, सर्किट बोर्ड कोरायला पोरं नेतात, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. आणि खरं केमिकल-काचसामान बघायचं असेल तर मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठ. बीकर, फ्लास्क, ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची काचेची नळी) यावर आपल्याकडे काही बंधन नाही हो, नशीब समजा. अमेरिकेत टेक्सास राज्यात २०१९ पर्यंत साधा शंकूच्या आकाराचा फ्लास्क घ्यायलासुद्धा परमिट लागायचं, ड्रग्जच्या भीतीने.

शेतीचा माल स्वस्त पण घाणेरडा असतो, हे लक्षात ठेवा. मोरचूद घेतलं तर त्यात लोह असतं, माती असते, कधी गोणीची सुतळीसुद्धा निघते. ते साफ करणं हाच एक छान प्रयोग आहे. १०० मिली गरम पाण्यात, उकळत्या नाही, ५० ग्रॅम मोरचूद हलवत हलवत विरघळवा, गरम असतानाच कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा, काचेच्या भांड्यात झाकून रात्रभर हलवू नका. थंड पाण्यात तीस-पस्तीस ग्रॅमच मावतं, उरलेलं तळाला निळ्याशार खड्यांनी बसतं. एकदा परत केलंत की दागिन्यासारखं. भांडं काचेचंच घ्या हां. मी पहिल्यांदा आईचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेतलं होतं आणि पाणी बोअरचं, खारं. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो म्हणून ते एरवी टिकतं, पण पाण्यातल्या क्लोराइडने तो थर फुटतो आणि मग तांबं सुटायला लागतं. सकाळी बघतो तर पातेल्यात लाल-तपकिरी गाळ आणि तळाला टाचणीएवढी दोन भोकं. आईने ते पातेलं अजून ठेवलंय, कुंडीखाली.

रजिस्टरवाला माल घ्यायचाच असेल तर

लागतं कधीकधी. सॉल्ट अ‍ॅनालिसिस पातळ हायड्रोक्लोरिकशिवाय होत नाही, मान्य. मग नीट जा. आधार किंवा मतदार कार्ड, पत्ता आत्ताचा असलेलं. दुपारी जा, सकाळी कारखान्यांच्या ऑर्डरी असतात आणि तुमच्या अर्ध्या लिटरसाठी कुणाला वेळ नसतो. लेबल असलेली, कंपनीची सीलबंद, एलआर ग्रेडची ५०० मिलीची बाटली मागा, सुटं कॅनमधलं नको. एलआर म्हणजे लॅबोरेटरी रिएजंट, घरच्या कामाला पुरतं, एआर ग्रेड महाग आणि आपल्या काट्याला तेवढी अचूकता झेपत पण नाही. अर्ध्या लिटरहून कमी पॅकिंग मिळणं कठीण, पण म्हणून अडीच लिटर स्वस्त पडतंय म्हणून उचलू नका, त्या मोठ्या बाटलीने तुमचं कारणच खोटं दिसायला लागतं.

आणि कारण. 'छंद', 'प्रयोग', 'पर्सनल' असलं काही लिहू नका, आणि 'संडास साफ करायला' असं खोटं तर अजिबातच नको. जे करणार आहात तेच, पण नेमकं. मी वर्षभराने दुसऱ्या दुकानातून अ‍ॅसिड घेतलं तेव्हा लिहिलं, 'मुलीच्या बारावीच्या प्रॅक्टिकलचा सराव, क्षारांची तपासणी, पातळ करून वापर'. मालकाने वाचलं, म्हणाला कुठल्या कॉलेजला आहे मुलगी, आणि चहा सांगितला. नेमकं कारण वाचलं की समोरच्याला चित्र दिसतं, चित्र दिसलं की भीती जाते. सोबत वही असली, त्यात प्रयोग लिहिलेला असला तर अजून उत्तम. बिल पक्कं घ्या, जीएसटीचं, आणि जपून ठेवा, घरी कधी कुणी विचारलंच तर बाटली कुठून आली याचा कागद तुमच्याकडे पाहिजे.

तरी दुकानदार नाही म्हणाला तर? म्हणू द्या. नियमात बसत असलं तरी विकलंच पाहिजे अशी त्याच्यावर सक्ती नाहीये. वाद घालू नका, दोन-तीन महिने साधा माल घेत राहा, ओळख झाली की गोष्टी सोप्या होतात, आपल्याकडे शेवटी सगळं ओळखीवर चालतं ना.

ऑनलाइनचं विचाराल तर मिठं-बिठं मिळतात, पण बऱ्याच साइट जीएसटी नंबर किंवा संस्थेच्या लेटरहेडवर पत्र मागतात आणि ज्वालाग्राही किंवा दाहक माल कुरिअरवाले उचलत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत द्वारका भागात शाळकरी मुलीवर हल्ला झाला, ते अ‍ॅसिड ऑनलाइन मागवलेलं निघालं, त्यानंतर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन मोठ्या शॉपिंग साइटना नोटिसा काढल्या. तेव्हापासून सगळेच ताक फुंकून पितात. आणि मित्राच्या कंपनीच्या जीएसटीवर मागवू असा शहाणपणा करू नका, उद्या काही झालं तर मित्र पण अडकतो.

जे मागायचंच नाही

इथे मी जरा कडक बोलणार आहे. अ‍ॅसेटिक अनहायड्राइड. बारावीच्या पुस्तकात अ‍ॅस्पिरिनची रिअ‍ॅक्शन असते, पोरांना ती करून बघायची असते, आणि निरागसपणे दुकानात हे नाव घेतात. त्याच पदार्थाने हेरॉइन बनतं, म्हणून अमली पदार्थ कायद्याखालच्या २०१३ च्या आदेशात तो पहिल्या यादीत आहे, एफिड्रीन वगैरेच्या शेजारी. विकणारा आणि घेणारा दोघांची एनसीबीकडे, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, नोंदणी लागते, तिमाही हिशेब द्यावा लागतो. घरच्या माणसाला हा रस्ता बंद, विषय संपला. अ‍ॅस्पिरिन बनवण्याऐवजी मोडून बघा. गोळीचं वरचं कोटिंग चोळून काढा, चुरा करून पाण्यात टाकून पंधरा-वीस मिनिटं गरम करा, गार झालं की फेरिक क्लोराइडचे दोन थेंब. सॅलिसिलिक अ‍ॅसिड सुटलेलं असतं, ते असा गडद जांभळा रंग देतं की बघत राहावं. पाण्यात फेसाळणारी गोळी मात्र घेऊ नका, तिच्यात सायट्रिक असतं आणि ते लोहाला धरून बसतं, रंग नीट येत नाही.

अमोनियम नायट्रेट. ४५ टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं मिश्रण सरळ स्फोटकांच्या कायद्यात येतं, २०१२ चे वेगळे नियम आहेत, लायसन्स लागतं. क्लोरेट, परक्लोरेट, आणि फटाक्याच्या दिशेने जाणारं जे जे काही आहे त्याचं नावही नको. यात 'मी फक्त थोडंसं' हा बचाव चालत नाही, १९०८ चा स्फोटक पदार्थांचा कायदा फार कडक आहे, आणि कायदा सोडा, बोटं परत उगवत नाहीत. बॅटरीचं अ‍ॅसिड घेऊन घरी घट्ट करायचे व्हिडिओ फिरतात ते पण बघून सोडून द्या.

स्पिरिटची आपल्या राज्यात वेगळीच गंमत. दारूबंदीचा १९४९ चा कायदा आहे, त्यामुळे शुद्ध इथेनॉल हे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ताब्यात, परवान्याशिवाय मिळत नाही. मिथेनॉल तर विषाच्याच यादीत, आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलनेच, तेव्हापासून त्याचं नाव काढलं की लोक संशयानेच बघतात. आपल्याला काय, पानांतले रंग काढायला, ते कागदावर वेगळे करायला म्हणजे क्रोमॅटोग्राफीला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे किंवा मेडिकलमध्ये सहज मिळतं. पालकाची पानं खलबत्त्यात कुटून त्यात भिजवा, फिल्टर पेपरची पट्टी उभी करा, हिरव्याच्या वर पिवळा पट्टा वेगळा चढलेला दिसतो. दिवा-गॅस जवळ नको, एवढं बघा.

बाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी एक ओळ, कारण माझा भाचा जर्मनीत आहे आणि त्याने मला इथून काही पाठवायला सांगितलं होतं. युरोपियन युनियनमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून नवा नियम लागू आहे, सामान्य माणसाला हायड्रोजन पेरॉक्साइड १२ टक्क्यांवर, सल्फ्युरिक १५ वर आणि नायट्रिक ३ वर विकत नाहीत. ब्रिटनमध्ये लायसन्स काढायची सोय आहे, अर्ज करायचा आणि कारण पटवायचं. आणि भारतातून सामानात बाटली टाकून न्यायचा विचार मनातसुद्धा आणू नका, विमानात त्याचं काय होतं हा माझ्या भाच्याने न विचारलेला प्रश्न होता.

कमी माल, जास्त मजा

सगळ्या बंधनांचा एक फायदा मला झाला तो म्हणजे मी लहान मापात काम करायला शिकलो. पूर्वी २५ मिलीचं टायट्रेशन करायचो, आता सुई काढलेली ५ किंवा १० मिलीची सिरिंज हीच माझी ब्युरेट, आणि सोनाराचा काटा, ०.०१ ग्रॅमवाला, ऑनलाइन काही शे रुपयांत येतो. अर्धा लिटर अ‍ॅसिड मला तीन वर्षं पुरलं.

उदाहरण द्यायचं तर क जीवनसत्त्व मोजा. मेडिकलमधून ५०० मिलिग्रॅमची व्हिटॅमिन सीची गोळी आणि ५ टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण आणा, दोन्हीला कुणी काही विचारत नाही. गोळी कुटून १०० मिली पाण्यात टाका, ढवळा, गाळ बसू द्या, वरचं १० मिली घ्या, म्हणजे त्यात ५० मिलिग्रॅम आलं. भाताची पेज दोन चमचे, तिच्यातलं स्टार्च आयोडीनने निळं होतं. आता सिरिंजने आयोडीन सोडा. पडतं तिथे निळं होतं आणि हलवलं की जातं, कारण क जीवनसत्त्व आयोडीन खातंय. ज्या थेंबाला निळा-काळा रंग टिकला तो शेवट. ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये कामाला येणारं आयोडीन असतं ०.५ टक्के, हिशेब केला तर ५० मिलिग्रॅमला साधारण १४ मिली लागायला पाहिजे. मला १३.६ लागले, मुलीला १५, आणि अर्धा तास आमचं भांडण झालं की थेंब कुणाचा मोठा. मग आवळ्याचा रस, लिंबू, पेरू, पॅकेटमधलं सरबत. सरबताच्या पॅकेटवर काय लिहिलंय आणि निघालं काय हे मी इथे लिहीत नाही, तुम्हीच करून बघा.

ज्याचं वय १८ च्या खाली आहे त्याने रजिस्टरवाल्या मालाच्या नादी लागूच नये, आई-बाबांना घेऊन जा किंवा शाळेच्या सरांना गाठा, बऱ्याच शाळांच्या प्रयोगशाळा कुलूपबंद पडून असतात आणि सर पण कुणी विचारायची वाटच बघत असतात. मुंबईत असाल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद, इथले कार्यक्रम बघत जा. तिथे जे पदार्थ तुम्हाला दुकानात मिळणार नाहीत ते जाणकार माणसाच्या नजरेखाली हाताळायला मिळू शकतात, आणि तेच बरोबर आहे.

ठेवणं आणि टाकणं

आणलेला माल कुलपाच्या कपाटात, खाली, स्वयंपाकघराबाहेर. आम्ल एकीकडे, ब्लीच आणि अमोनिया दुसऱ्या टोकाला आणि तेही एकमेकांपासून लांब. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत काहीही, अगदी मिठाचं पाणी सुद्धा, भरून ठेवायचं नाही, हा एक नियम मोडलेला मी घरच्यांनाही खपवून घेत नाही. लेबलवर मराठीत नाव, टक्के, तारीख. अ‍ॅसिड पातळ करताना पाण्यात अ‍ॅसिड, उलटं कधीच नाही, आणि चष्मा घालून. शेजाऱ्यांना सांगून ठेवा तुम्ही काय करता ते, एकदा घरी बोलावून गोकर्णाचा रंग बदलून दाखवा, नंतर गॅलरीतून वास आला तर ते फोन तुम्हाला करतील, पोलिसांना नाही.

मोरचुदाचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, मासे मरतात, आणि आपली मुळा-मुठा आधीच कशी आहे ते माहितीये. धुण्याचा सोडा टाका, हिरवट-निळा गाळ बसतो, गाळून वाळवून डब्यात साठवा, माझा डबा पाच वर्षांत अजून अर्धा पण भरला नाहीये, भरला की कॉलेजच्या लॅबवाल्याला विचारून त्यांच्या कचऱ्यात देईन. थोडं उरलेलं आम्ल खायच्या सोड्याने फेस थांबेपर्यंत मारा, मग भरपूर पाण्याबरोबर सोडा. रिकाम्या बाटल्या तीनदा धुवा, लेबल खरवडून काढा आणि झाकण वेगळं करूनच भंगारवाल्याला द्या, कारण तीच बाटली पुढच्या महिन्यात कुणीतरी फिनेल भरून तुमच्याच दारात विकायला आणतो.